कर्नलला आपलं जुनं मशीन ओळखू द्या : वाचकांचे प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) आलं आणि त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) नाही, तेव्हापासून दुकानात, शाळेत, घरात जुनी मशीनं सांभाळून असलेल्या लोकांची पत्रं आमच्याकडे वाढली आहेत, आणि ह्या वेळची सगळी नागपूर आणि आजूबाजूचीच निघाली म्हणून आख्खं सदर त्यालाच दिलंय. एक आधीच सांगतो, कमांड आणि ऑप्शनची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

प्रश्न : नमस्कार सर. कळमन्याला आमचा वजनकाटा आहे. इंडिकेटरमधून वजन सिरियल केबलने कम्प्युटरमध्ये येतं आणि पावती डॉट मॅट्रिक्सवर निघते. कम्प्युटर पेंटियम फोर आहे, इंटेल ८४५ चा बोर्ड, ५१२ एमबी रॅम. आता बिलं ऑनलाइन पाठवायला नेट जोडायचं होतं म्हणून पुतण्याने नवा कर्नल कंपाइल करून टाकला, तर कर्नल पॅनिक येऊन राहिलं. ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं काहीतरी लिहून येतं. जुन्या कर्नलवर सगळं चालते. लोक म्हणतात मशीन बदला, पण काट्याचं सॉफ्टवेअर ह्याच्यावरच बसलेलं आहे नं. काय करावं जी?
— काटेवाले, कळमना

उत्तर : भाऊ, पुतण्याला रागावू नका, तो अगदी दारापर्यंत पोचला होता. नेट जोडायच्या आधी कर्नल नवा करायचं त्याने मनात आणलं हेच मला आवडलं.

पॅनिक आलं की सगळ्यांची नजर शेवटच्या ओळीवर जाते, पण खरी गोष्ट त्याच्या चार-पाच ओळी वर लिहिलेली असते. तिथे कर्नल सांगतो की मला ही ही पार्टिशनं दिसली, आणि खाली यादी देतो. यादी रिकामी असेल आणि शेवटी कंसात ०,० असेल तर कर्नलला डिस्कच दिसली नाही, म्हणजे डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. आणि यादीत एसडीए, एसडीए१ अशी नावं असतील, कंसात ८,१ असेल, तर डिस्क दिसली पण तिच्यावरची फाइलसिस्टम त्याला वाचता आली नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत, औषधं पण वेगळी, म्हणून पुन्हा बूट करा आणि स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा, त्या फोटोवरून अर्धा शोध तिथेच संपतो.

माझा अंदाज पहिल्याचा आहे. तुमच्या ८४५ बोर्डवर डिस्क सांभाळणारी चिप आयसीएच घराण्यातली आहे, बहुतेक आयसीएच२ नाहीतर आयसीएच४. खात्री करायला जुन्या कर्नलवर बूट करून ‘एलएसपीसीआय -एनएनके’ मारा, प्रत्येक चिपखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणून ओळ येईल, आयडीई इंटरफेसच्या खाली ‘एटीए_पीआयआयएक्स’ दिसेल. हा ड्रायव्हर मेन्यूकॉन्फिगमध्ये (कंपाइल करायच्या आधी कर्नलचे पर्याय निवडायची स्क्रीन) डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये, सिरियल एटीए आणि पॅरलल एटीएच्या मेन्यूत आहे, त्याच्यासमोर एम नाही तर स्टार लागला पाहिजे. सोबत स्कझीच्या मेन्यूतला ‘स्कझी डिस्क सपोर्ट’ पण स्टार करा. आपल्याकडे स्कझी कुठे आहे म्हणून लोक तो बंद करतात आणि तिथेच फसतात, कारण लिनक्समध्ये आता साधी आयडीई डिस्क पण त्याच रस्त्याने येते. आणि एक्सट४ ही फाइलसिस्टम पण स्टार.

स्टार आणि एम ह्यातला फरक पुतण्याला नीट समजावून द्या. स्टार म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या आतच, एम म्हणजे ड्रायव्हर वेगळ्या फाइलमध्ये डिस्कवर पडलेला. आता डिस्क वाचायचाच ड्रायव्हर डिस्कवर ठेवला तर ते किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखं झालं. डेबियनचा तयार कर्नल एम वर चालतो कारण सोबत इनिटरॅमएफएस नावाची छोटी पोटली येते, तिच्यात किल्ली असते. हाताने कॉपी केलेल्या कर्नलसोबत ती पोटली बहुतेक बनलीच नसेल. आणि पोटली नसेल तर ग्रबमध्ये (बूटच्या वेळी कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम) ‘रूट=यूयूआयडी’ असं लिहिलेलं पण चालत नाही, यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक वाचायचं काम पोटलीतलं आहे, नुसत्या कर्नलला पार्टयूयूआयडी कळतं किंवा सरळ /डेव्ह/एसडीए१. कुठे /डेव्ह/एचडीए१ लिहिलेलं सापडलं तर तेही बदला, जुनी आयडीई सिस्टिम २०२१ मध्ये ५.१४ व्हर्जनला कर्नलमधून काढलीच, एचडीए हे नाव आता येतच नाही.

आता काट्याकडे येऊ, कारण बूट झालं आणि वजन आलं नाही तर ट्रकची लाइन तुमच्याच दारात लागणार आहे. सिरियलसाठी ८२५० चा ड्रायव्हर स्टार, आणि बोर्डच्या दोन पोर्टशिवाय पीसीआय कार्ड लावलं असेल तर त्याच मेन्यूत पोर्टचे दोन आकडे असतात, जास्तीत जास्त किती आणि सुरुवातीला किती, दोन्ही ८ करून ठेवा. कार्डवरचे पोर्ट खूपदा टीटीवायएस४, टीटीवायएस५ अशा नावाने येतात, आणि आकडा ४ वरच ठेवला तर माणूस ते शोधत बसतो. सिरियल आणि पॅरलल दोन्ही असलेलं एकच कार्ड असेल तर पारपोर्ट_सिरियल पण लागतं. प्रिंटरसाठी पारपोर्ट, पारपोर्ट_पीसी आणि कॅरेक्टर डिव्हाइसमधला पॅरलल प्रिंटर सपोर्ट, तिन्ही लागतात, एक जरी राहिलं तर एलपी० दिसत नाही. नेटसाठी तुमच्याकडे रिअलटेकचं जुनं पीसीआय कार्ड असेल तर ८१३९टू.

बूट झाल्यावर काट्याचं सॉफ्टवेअर लगेच उघडू नका. आधी ‘एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस० ९६००’ (इंडिकेटरवर जो बॉडरेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, सेट आहे तो), मग ‘कॅट /डेव्ह/टीटीवायएस०’, आणि एका माणसाला काट्यावर उभं करा. स्क्रीनवर आकडे हलले म्हणजे केबल, पोर्ट, कर्नल सगळं ठीक. आकड्यांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आली तर बॉडरेट चुकला. परमिशन डिनाइड आलं तर कर्नलचा काही दोष नाही, तुमच्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाका.

५१२ एमबीला हायमेमची (साधारण ८९६ एमबीच्या वरची रॅम वापरायचा पर्याय) गरज नाही, ऑफ करा. प्रोसेसर फॅमिलीत पेंटियम-४ निवडा. आणि जुना कर्नल ग्रबच्या यादीतून काढू नका, पुढच्या सीझनपर्यंत तरी राहू द्या.

प्रश्न : सर, मी बुटीबोरीजवळच्या एका शाळेत शिकवते. एका ऑफिसने वापरलेले ११ कम्प्युटर शाळेला दिले आहेत. काही पेंटियम फोर, काही सेलेरॉन, दोनावर कोअर टू ड्यूओचं स्टिकर आहे. मुलांना टायपिंग, थोडं ड्रॉइंग, थोडं पायथन शिकवायचं आहे. प्रत्येकासाठी वेगळा कर्नल बनवावा लागेल का? मला इतकं तांत्रिक येत नाही पण शिकायची तयारी आहे.
— एक शिक्षिका, बुटीबोरी

उत्तर : ताई, अजिबात नाही. ११ मशीनं म्हणजे ११ कर्नल असं केलंत तर वर्षभर तेच करत बसाल आणि मुलं बाजूला राहतील. तुम्हाला फक्त मशीनं दोन ढिगांत वाटायची आहेत.

पेनड्राइव्हवरून कुठलंही ३२ बिटचं लाइव्ह लिनक्स चालू करा, टर्मिनलमध्ये ‘कॅट /प्रोक/सीपीयूइन्फो’ लिहा आणि फ्लॅग्स नावाच्या लांब ओळीत ‘एलएम’ ही दोन अक्षरं शोधा. एलएम म्हणजे लाँग मोड, म्हणजे मशीन ६४ बिट चालवू शकतं. कोअर टू मध्ये ते असतंच, आणि पुष्कळ लोकांना माहीत नाही की उशिराच्या बऱ्याच पेंटियम फोरमध्ये पण असतं. स्टिकर पाहून ठरवू नका, फ्लॅग पाहून ठरवा, मी स्वतः एक पेंटियम फोर ३२ बिट समजून किती दिवस बिनकामाचा त्रास काढलाय. सापडलं की कॅबिनेटवर मार्करने ‘६४’ लिहून टाका, मुलांनाच हे काम द्या, त्यांना मजा येते आणि मशीनची ओळख पण होते.

६४ वाल्या ढिगावर सरळ डेबियन १३, तयार कर्नल, काही कंपाइल नाही. बाकीच्यांवर २०२३ चं डेबियन १२, त्याच्यात ३२ बिटचे दोन तयार कर्नल मिळतात, एक ६८६-पीएई आणि एक नुसता ६८६. फ्लॅग्सच्या ओळीत ‘पीएई’ (३२ बिट मशीनला ४ जीबीच्या वर रॅम वापरू देणारी सोय) असेल तर पहिला, नसेल तर दुसरा. पेंटियम फोरमध्ये पीएई असतं. ११ मध्ये एखादं एएमडीचं के६ किंवा व्हीआयएचं सी३ निघालं तर त्याच्यावर डेबियन १२ नाही चालणार, त्या प्रोसेसरला एक इन्स्ट्रक्शन येत नाही जी आता सगळ्या पॅकेजमध्ये गृहीत धरलेली आहे. ते मशीन खोलून मुलांना आतून दाखवायला ठेवा.

जुन्या व्हीआयए आणि एसआयएस बोर्डांवर ग्राफिक्सचं मात्र आधीच सांगतो. २०२३ मध्ये ६.३ व्हर्जनला जुने डीआरआय१ (थ्रीडी ग्राफिक्सची जुनी पद्धत) वाले ड्रायव्हर काढले, सॅव्हेज, एसआयएस, व्हीआयए हे त्यातच होते. स्क्रीन दिसेल, थ्रीडी नाही. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे त्यामुळे तुम्हाला आत्ता लगेच फरक नाही पडणार, पण नवा कर्नल टाकायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा. टायपिंगला आणि पायथनला थ्रीडी लागत नाही. डेस्कटॉप एलएक्सडीई घ्या आणि झेडरॅम चालू करा, ते रॅममध्येच दाबून स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) बनवतं, जुन्या डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा किती तरी बरं.

प्रश्न : माझ्या वडिलांचा जुना लॅपटॉप, पेंटियम एम. पेनड्राइव्हवरून बूट केलं की ‘पीएई नाही’ म्हणून थांबतो. संपला का?
— जरीपटका

उत्तर : नाही संपला. सुरुवातीच्या पेंटियम एम मध्ये पीएई आहे, पण प्रोसेसर तसं सांगत नाही, फ्लॅगच दाखवत नाही. बूट मेन्यूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन ‘फोर्सपीएई’ लिहा आणि बूट करा. चाललं की ग्रबच्या फाइलमध्ये तेच कायम करा. कंपाइलच करायचं असेल तर पीएई बंद ठेवून प्रोसेसर फॅमिलीत पेंटियम एम निवडला की हा प्रश्नच येत नाही. रॅम बरोबर १ जीबी असेल तर एक जास्तीची गोष्ट : ३२ बिट कर्नल साधारण ८९६ एमबीच सरळ वापरतो, वरच्यासाठी हायमेम लागतं, पण मेमरी स्प्लिटच्या मेन्यूत ‘फुल १जी लो मेमरी’ वाला पर्याय आहे, तो घेतला की हायमेम बंद ठेवून पण पूर्ण १ जीबी मिळते.

प्रश्न : दादा, मी एप्रिलपासून घरच्या पी-फोरवर कर्नल कंपाइल करून राहिलो आणि होतच नाही. कधी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, कधी मशीनच बंद पडते. कॉन्फिगमध्ये काय चुकते ते पाठवलं तर पाहाल का? सोर्स ६.१२ चा, कॉन्फिग डेबियनचाच कॉपी केला.
— पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : कॉन्फिग नंतर पाहू, आधी मला सांग, एरर दर वेळी त्याच फाइलवर येतो का वेगवेगळ्या? त्याच फाइलवर येत असेल तर सोर्स, कंपायलर किंवा कॉन्फिग. जागा बदलत असेल तर हार्डवेअर, बहुतेक रॅम. कर्नल कंपाइल करणं ही रॅमची फार कडक परीक्षा आहे, ब्राउझर चालतो म्हणून रॅम चांगली असं नसतं.

तुझं मशीन एप्रिल-मे मध्ये नागपुरात चालू आहे, पारा ४५ च्या घरात असतो, आणि आपल्याकडे मशीन ठेवायची जागा म्हणजे कूलरच्या समोर, की बा त्याला हवा लागावी. त्या हवेत ओल असते आणि कूलरच्या गवताचा कचरा पण. मी अशीच एक रॅमची पट्टी काढली होती तर सोनेरी दातांवर मळकट थर आलेला, साध्या खोडरबरने दोन्ही बाजू घासल्या, भुगा ब्रशने झाडला, परत बसवली, आणि मेमटेस्ट८६+ ह्या रॅम तपासायच्या प्रोग्रॅममध्ये लाल ओळी येत होत्या त्या बंद झाल्या. तू पण आधी ते कर, मग मेमटेस्ट रात्रभर चालव. आणि हीटसिंक काढ, खालची पेस्ट वाळून पापडासारखी झाली असेल, ती पुसून नवी लाव, बर्डीवर कुठल्याही कम्प्युटरच्या दुकानात मिळते. मशीन आपोआप बंद पडतं ते ह्याच्यामुळेच असण्याची शक्यता जास्त, प्रोसेसर तापला की जीव वाचवायला बंद होतो.

आता कॉन्फिग. डेबियनचा कॉन्फिग तसाच वापरलास तर सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून अडतं, सिस्टिम_ट्रस्टेड_कीज समोरचं नाव पुसून रिकामं अवतरण ठेवायचं. डीबग इन्फो बंद कर, नाहीतर डिस्क भरून जाईल. ‘मेक -जे’ च्या पुढे आकडा दिल्याशिवाय एंटर मारू नको, नुसतं जे म्हणजे कितीही जॉब एकदम, तुझी रॅम पाच मिनिटांत संपेल. आणि ‘क्लॉक स्क्यू’ असं दिसलं तर मदरबोर्डची बटण बॅटरी गेलेली आहे, सीआर२०३२ सांगून घे, कारण तारीख मागे गेली की मेकला कुठली फाइल नवी कुठली जुनी हेच कळत नाही.

पण माझं ऐकशील तर पी-फोरवर कंपाइल करूच नको. कॉलेजमधलं किंवा मित्राचं ६४ बिट मशीन घे. तुझ्या मशीनवर आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, वायफाय, जे जे वापरतोस ते सगळं लाव, मग ‘एलएसमॉड’ चं आउटपुट एका फाइलमध्ये घे, आणि बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल घे. मित्राच्या मशीनवर ती कॉन्फिग सोर्समध्ये टाकून ‘मेक आर्च=आय३८६ एलएसमॉड=ती फाइल लोकलमॉडकॉन्फिग’. ह्याने तुझ्याकडे जे लागतं तेवढंच राहतं, हजारो मॉड्यूलचं काही शेकड्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. जे तेव्हा लावलेलं नव्हतं ते गेलं, म्हणून आधी सगळं लावायचं सांगितलं. मग ‘मेक आर्च=आय३८६ बाइंडडेब-पीकेजी’, डेबची फाइल बनेल, ती पेनड्राइव्हने आण आणि ‘डीपीकेजी -आय’. ह्या रस्त्याने इनिटरॅमएफएसची पोटली आणि ग्रबची नोंद आपोआप होते, कळमन्याच्या भाऊंना जे झालं ते तुला होणार नाही.

प्रश्न : जुन्या हार्डवेअरचा सपोर्ट कर्नलमधून काढतात कशाला? कोड तर लिहिलेलाच आहे, पडून राहिला तर काय बिघडते? मला ह्याचा खरंच राग येतो.
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : राग मला पण यायचा. पण कोड पडून राहत नाही नं, त्याच्या आजूबाजूचा सगळा कोड बदलत असतो. ३८६ चं उदाहरण घे. लिनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं ते ३८६ वरच, आणि तोच सपोर्ट २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ मध्ये काढला गेला. ३८६ मध्ये कम्पेअर-एक्स्चेंज ही इन्स्ट्रक्शन नव्हती, जिच्यावर एकापेक्षा जास्त प्रोसेसरचं लॉकिंग उभं आहे, आणि कर्नल मोडमध्ये रीड-ओन्ली पानावर लिहायला गेलं तर तो अडवायचा नाही. म्हणजे प्रत्येक नव्या बदलाला ‘आणि ३८६ असेल तर’ असा वेगळा रस्ता. तो रस्ता चालून बघायला कोणाकडे ३८६ नाही, मग तो मोडला तरी कळणार कोणाला? ४८६ चं पण तेच, ते काढायचे पॅच २०२५ मध्ये मांडले गेले, कारण त्याच्यात टाइम स्टॅम्प काउंटर नाही आणि आठ बाइटचं कम्पेअर-एक्स्चेंज नाही, दोन्ही पेंटियमपासून आली. त्याच वर्षी ६.१५ मध्ये ३२ बिट कर्नलला ४ जीबीच्या वर रॅम देणारा हायमेम६४जी हा पर्याय पण गेला.

आता दुसरी बाजू बघ. मोटोरोलाच्या ६८००० घराण्याचा सपोर्ट, जुने अमिगा, अटारी, जुने मॅक, हे अजून कर्नलमध्ये आहेत, ४८६ पेक्षा कमी लोक वापरत असतील कदाचित, तरी आहेत, कारण ती मशीनं चालू ठेवून दर नवा कर्नल त्याच्यावर टाकून बघणारी माणसं आहेत. फ्लॉपीचा ड्रायव्हर २०१९ मध्ये ऑर्फन, म्हणजे कोणी वाली नसलेला, ठरवला होता, सांभाळणाऱ्याकडे चालू फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता, मग दुसऱ्या डेव्हलपरने तो घेतला आणि ड्रायव्हर वाचला.

म्हणून राग येतो तर काम कर, तुझ्यासारखीच माणसं तिथे कमी पडतात. तुझ्याकडे जे जुनं मशीन आहे त्याच्यावर आरसी म्हणजे रिलीजच्या आधीचा कर्नल टाकून बघ, हे साधारण दर आठवड्याला येतात. बूट झाला तर उत्तम. नाही झाला तर आधीचा चालणारा आणि आत्ताचा न चालणारा हे दोन धरून ‘गिट बायसेक्ट’ चालव, ते दर वेळी अर्धं अर्धं करत नेमका कुठल्या बदलाने मोडलं तिथे आणून सोडतं. मग सोर्समधल्या मेंटेनर्स फाइलमध्ये त्या ड्रायव्हरसमोर कोणाचं नाव आहे ते पाहून साध्या टेक्स्ट ईमेलने त्यांना कळव, तो बदल कोणता, तुझा प्रोसेसर कोणता, आणि सोबत पूर्ण डीमेसेज (कर्नलने बूटपासून लिहिलेले संदेश) आणि कॉन्फिग फाइल. बूटच होत नसेल तर दुसरा कम्प्युटर सिरियल केबलने जोडून कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० लाव, ८२५० च्या मेन्यूतला कन्सोलचा ऑप्शन त्यासाठी स्टार असायला पाहिजे, म्हणजे स्क्रीनवरून पळून जाणारी प्रत्येक ओळ दुसरीकडे सेव्ह होते.